डब्याचे घराणे

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले पूर्वज सांगून गेले. त्यांच्यावर नातवासाठी व्हिडिओ गेम निवडण्याची पाळी आली नव्हती म्हणूनच ते दोन गोष्टींवर थांबले. नाहीतर तिसरी ओळ त्यांनी नक्की जोडली असती, आणि ती पहिल्या दोन्हींच्या आधी टाकली असती.

झाले असे की, एका रविवारी सकाळी पोह्यांच्या बशा हातात असताना आमच्या घरात यादवी माजली. नातू पुढच्या महिन्यात सात वर्षांचा होणार. त्याचे नाव फार आधुनिक आहे. त्याचा अर्थ मला एकाही शब्दकोशात सापडला नाही, म्हणून मी त्याला सोन्या म्हणतो. तर वाढदिवसाला सोन्याने 'गेम' मागितला होता. चिरंजीवांचे म्हणणे, घ्यायचाच तर सगळ्यात मोठा, सगळ्यात नवा घ्यावा. सूनबाईंचे म्हणणे, घेऊच नये, आणि घ्यायचाच तर त्यातून मुलाला गणित आले पाहिजे. सौ.चे म्हणणे, पोहे गार होताहेत.

शेवटी दोन्ही पक्षांनी माझ्याकडे पाहिले. "बाबा, तुम्हीच ठरवा," चिरंजीव म्हणाले, "तुम्ही म्हणाल ते घेऊ."

चिरंजीव हे जरा विचित्र सुरात म्हणाले. पण मी त्या वेळी लक्ष दिले नाही. छत्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवल्यावर घरात कुणी आपले मत विचारले की माणूस सुराकडे बघत नाही, हुरळतो. मी चष्मा पुसला आणि लवाद म्हणून काम पाहण्याचे मान्य केले.

पहिल्या दिवशी मी दुकानात गेलो. स्टेशनाजवळच्या मोठ्या दुकानात कानात काहीतरी खुपसलेला एक तरुण उभा होता. त्याने मला "अंकल, बजेट काय?" असे विचारले. आमच्या काळी दुकानदार आधी "बसा" म्हणत असे. मी म्हटले, "बजेटचे नंतर बघू. लहान मुलाला चांगला कुठला?" तो म्हणाला, "अंकल, हा घ्या. दहा टेराफ्लॉप आहेत."

"एवढे फ्लॉप झालेला माल मला कशाला देताय?" मी विचारले.

त्याने कानातले बाहेर काढले, माझ्याकडे नीट पाहिले आणि पुन्हा आत घातले. टेराफ्लॉप म्हणजे एका सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी, हे मला घरी आल्यावर कळले. म्हणजे दहा टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला दहा लाख कोटी. एवढे गणित करणारा डबा घरात असूनही मुलाला सात आठे छप्पन्न येत नाहीत ती नाहीतच, असे सूनबाईंचे त्यावर उत्तर होते. मला ते बिनतोड वाटले.

तेव्हा मी ठरवले की दुकान हा आपला प्रांत नव्हे. आपण आपल्या वाटेने जावे. स्थळ पाहायचे असेल तर आधी घराणे बघतात. मूळ पुरुष कोण, गाव कुठले, भाऊबंदकी किती, वेडाचे किंवा दिवाळखोरीचे प्रमाण काय, हे सगळे पाहून मग पत्रिका जुळवतात. डब्याचेही तसेच करायचे. तीन आठवडे मी तेच केले. त्याचा हा गोषवारा. ज्यांच्या घरी नातू आहेत त्यांनी कात्रण काढून ठेवावे.

या घराण्याचे मूळ पुरुष राल्फ बेअर. जन्म १९२२ सालचा, जर्मनीतला. घर ज्यूंचे. हिटलरच्या राज्यात राहणे अशक्य झाले, तेव्हा १९३८ साली हे कुटुंब अमेरिकेला निसटले. पुढे बेअर इंजिनियर झाले आणि लष्करासाठी इलेक्ट्रॉनिक्सची कामे करणाऱ्या एका कंपनीत लागले. १९६६ साली ऑगस्टअखेर न्यूयॉर्कच्या बसस्टँडवर एका सहकाऱ्याची वाट पाहत असताना त्यांच्या डोक्यात आले की घरोघर टीव्ही आहेत, त्यांच्यावर नुसते कार्यक्रम पाहण्याऐवजी खेळता का येऊ नये? दुसऱ्या दिवशी त्यांनी ते चार पानांत लिहून काढले. बसस्टँडवर ताटकळणाऱ्यांना काय सुचते याची आपल्याकडे कुणी नोंद ठेवत नाही. नाहीतर आमच्या डोंबिवलीच्या रिक्षाच्या रांगेतून आजवर दोन-चार क्रांत्या सहज निघाल्या असत्या.

बेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो डबा बनवला त्याला लाकडाच्या नक्षीचा चिकट कागद लावला होता, म्हणून त्याचे नाव पडले 'ब्राऊन बॉक्स'. १९७२ साली मॅग्नाव्हॉक्स कंपनीने तो 'ओडिसी' या नावाने बाजारात आणला. जगातला हा पहिला घरगुती व्हिडिओ गेम. किंमत सुमारे शंभर डॉलर. त्याची पत्रिका ऐका. आवाज नाही. रंग नाहीत. पडद्यावर पांढरे ठिपके आणि एक रेघ, बस्स. रंग हवे असतील तर रंगीत प्लॅस्टिकचा चित्रकागद टीव्हीच्या काचेवर चिकटवायचा. गुण मोजायचे काम डब्याला येत नसे, ते आपणच कागदावर लिहायचे. खोक्यात सोबत सोंगट्यांचे फासे, पत्ते आणि खोट्या नोटासुद्धा होत्या. म्हणजे डबा बिघडला तरी पैसे अगदीच वाया जाऊ नयेत अशी सोय होती.

याच वर्षी दुसरी शाखा निघाली. नोलन बुशनेल आणि त्यांच्या भागीदाराने काढलेल्या अटारी कंपनीने 'पाँग' नावाचे नाणे टाकून खेळायचे यंत्र तयार केले. ॲलन अल्कॉर्न नावाच्या तरुण इंजिनियरने ते बनवले. कॅलिफोर्नियातल्या एका गुत्त्यात पहिले यंत्र ठेवले आणि काही दिवसांतच बंद पडले. अल्कॉर्न बघायला गेले तर यंत्र धडधाकट होते, नाण्यांची पेटी भरून वाहत होती. एवढा मोठा बिघाड आमच्या घरातल्या एकाही यंत्रात आजवर झालेला नाही. मग ठरल्याप्रमाणे भाऊबंदकी आली. पाँगची कल्पना आमच्या टेनिसवरून उचलली, असा दावा मॅग्नाव्हॉक्सने केला आणि १९७६ साली तडजोड होऊन अटारीला परवान्याचे पैसे मोजावे लागले. घराणे खानदानी असल्याची माझी येथे खात्री पटली. कोर्टात न गेलेले घराणे खानदानी कसले?

१९७७ साली अटारीने कॅसेट बदलून हवे ते खेळ खेळण्याचा डबा काढला आणि घराण्याला वैभवाचे दिवस आले. वैभवात जे होते तेच झाले. जो तो खेळ काढू लागला. १९८२ साली 'ई. टी.' या गाजलेल्या सिनेमावरचा खेळ नाताळापूर्वी बाजारात आणायचा म्हणून एका गृहस्थाकडून जेमतेम पाच आठवड्यांत लिहून घेतला. शाळेतल्या गॅदरिंगचे नाटकसुद्धा आम्ही पाच आठवड्यांत बसवत नसू, आणि ते कसे होत असे ते पालकांना विचारा. खेळ पडला. गिऱ्हाईक उठले. १९८३ साली अटारीने न खपलेला माल ट्रकमध्ये भरून न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावच्या उकिरड्यात पुरला. पुढे २०१४ साली लोकांनी तो खणून काढला, तेव्हा त्यात 'ई. टी.' खरोखरच सापडला. त्या दोन वर्षांत अमेरिकेतला हा धंदा तीनशे कोटी डॉलरांवरून दहा कोटींवर आला, असा हिशेब सांगतात. थोडक्यात, १९८३ हे व्हिडिओ गेमचे पानिपत.

आता पानिपत म्हटले की पाठोपाठ माधवराव येणारच. ते जपानातल्या क्योटो गावाहून आले. निन्तेंदो ही कंपनी मुळात १८८९ साली फुसाजिरो यामाउची यांनी काढली, आणि काढली ती पत्ते बनवायला! 'हानाफुदा' म्हणजे फुलांचे पत्ते. जपानला पत्त्यांचा नाद लावला तो सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी. पुढे सरकारने विलायती पत्त्यांवर बंदी घातली, की लोक नव्या चित्रांचे पत्ते काढत, आणि त्यातून अखेर हे फुलांचे पत्ते आले. हे वाचताना मी खुर्चीतून उठलो. कारण हाताने रंगवलेले पत्ते आपल्याकडेही आहेत की! सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा अजून रंगवतात. गोल पत्ते, दहा अवतार, प्रत्येकाचे बारा, असे एकशेवीस. क्योटोच्या पत्तेवाल्यांनी मध्यंतरी झटपट भात विकून पाहिला, टॅक्सी चालवून पाहिल्या, आणि शेवटी खेळण्यांवरून व्हिडिओ गेमवर आले. सावंतवाडी पत्त्यांवरच थांबली. कोकणातला माणूस एकदा एका जागी बसला की त्याला उठवणे कठीण. एरवी आज जगभरची पोरे टीव्हीवर वराह आणि वामन पळवताना दिसली असती.

या निन्तेंदोने १९८३ सालच्या जुलैत, म्हणजे अमेरिकेत प्रेते पडत असताना, जपानात 'फॅमिकॉम' नावाचा डबा काढला. तोच १९८५ साली अमेरिकेत नेला. पण तिथले दुकानदार 'व्हिडिओ गेम' हा शब्द ऐकून दार लावून घेत. तेव्हा यांनी त्याचे नाव बदलले, रूप व्हीसीआरसारखे केले आणि सोबत प्लॅस्टिकचा एक रोबो दिला. म्हणजे हे खेळणे आहे, व्हिडिओ गेम नव्हे! गनिमी कावा तो हाच. रोबोला फारसे काही येत नव्हते, पण तो डब्याला दुकानात शिरवून मोकळा झाला. मागोमाग मिशीवाला मारिओ आला. हा शिगेरु मियामोतो यांचा मानसपुत्र. १९८१ साली पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा तो सुतार होता, १९८३ साली प्लंबर झाला. गेली चाळीस वर्षे तो पाइपातून आत-बाहेर करतो आहे. आमच्या सोसायटीचा प्लंबर अजून एकदाही वेळेवर आलेला नाही.

आणि पानिपतानंतर काय येते? तोतये! सदाशिवरावभाऊंचा तोतया आला तसे फॅमिकॉमचेही तोतये निघाले. आशियाभर त्याच्या नकला झाल्या आणि नव्वदीच्या सुरुवातीला त्या आपल्याकडे पोचल्या. दुकानात त्यांना कुणी फॅमिकॉम म्हणत नसे. 'टीव्ही गेम' म्हणायचे. त्यात पिवळ्या-लाल कॅसेटी खुपसायच्या. कॅसेटवर 'नऊ लाख नव्व्याण्णव हजार खेळ' असे छापलेले असे. प्रत्यक्षात दहा-पंधरा खेळ, तेच उलटसुलट क्रमाने. कॅसेट लागली नाही की ती बाहेर काढायची, तिच्या पोटात जोरात फुंकायचे आणि परत लावायची. हा उपाय डोंबिवलीपासून डेट्रॉइटपर्यंत सगळ्या पोरांना कुणीही न शिकवता ठाऊक होता. वास्तविक फुंकण्याने काही होत नसे, कॅसेट काढून परत लावली की तिचे टोक नीट बसे एवढेच. उलट फुंकरीतल्या दमटपणाने तांबे खराब होते, म्हणून फुंकू नका, असे खुद्द निन्तेंदोचे सांगणे होते.

हे तोतयाप्रकरण मला इतके आवडले की मी ते रात्री जेवताना सगळ्यांना वाचून दाखवले. सोन्या हसला. सूनबाई हसल्या. चिरंजीव ताटातला भात तसाच ठेवून हात धुवायला उठले.

"काय झालं याला?" मी विचारले.

सौ.ने नातवाला झोपायला पाठवले, आमटीचे पातेले झाकले आणि मग म्हणाली, "तुम्हाला सगळा इतिहास पाठ. घरातला तेवढा आठवत नाही."

आणि मला आठवले. १९९४ सालची गोष्ट. चिरंजीव चौथीत. त्याला मी शब्द दिला होता, की स्कॉलरशिपच्या परीक्षेत आलास तर टीव्ही गेम घेऊन देईन. पोराने वर्षभर मान मोडून अभ्यास केला. आणि स्कॉलरशिप मिळवली. मग मी दुकानात जाऊन किंमत विचारली आणि घरी परत आलो. शिक्षकाच्या त्या वेळच्या पगारातून तो डबा घ्यायचा म्हणजे दोन महिने दूध बंद करावे लागले असते. पण खरे सांगायचे तर प्रश्न नुसता पैशांचा नव्हता. कारण पुढच्याच आठवड्यात एका ग्रंथप्रदर्शनात 'मराठी रियासत'चे खंड सवलतीत मिळत होते, ते मी घेतले. दुधाचा विचार तेव्हा मनात आला नाही. ते खंड मी चिरंजीवांच्या हातात ठेवले आणि वर म्हणालो, "त्या डब्यात खोट्या लढाया असतात. यात खऱ्या आहेत."

दहा वर्षांच्या मुलाला रियासत! आज कुणी हे केले असते तर मी त्यावर विनोदी लेख लिहिला असता.

"काही बोलला नाही तो," सौ. म्हणाली. "खालच्या मजल्यावरच्यांकडे तो डबा होता. रोज संध्याकाळी तिकडे जायचा."

"म्हणजे खेळायला मिळत होतं की त्याला!" मी जरा सुटकेने म्हटले.

"खेळायला नाही. फुंकायला. त्यांचा मुलगा म्हणायचा, तुझी फुंकर चांगली लागते. खेळायचे ते दोघे भाऊ. कॅसेट अडकली की आपल्याला हाक यायची. हा फुंकायचा आणि दाराशी बसून बघायचा. साताला मी बोलवायला जायची तेव्हा बघितलंय मी."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही पेपर तपासत होतात," सौ. म्हणाली.

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. छत्तीस वर्षे मी पेपरच तपासत होतो.

त्या रात्री झोप येईना. उठलो आणि कपाटातून रियासतीचे खंड काढले. ते मीच वाचले होते, चिरंजीवांनी कधी उघडले नसावेत, अशी माझी समजूत. पण एका खंडाच्या अगदी शेवटी, कोऱ्या पानावर, पेन्सिलीने काढलेले एक चित्र सापडले. पट्टी लावून काढलेली लांबट चौकट. तिच्यात डाव्या बाजूला अधिकचे चिन्ह, उजव्या बाजूला दोन गोल, एकात 'ए', एकात 'बी'. टीव्ही गेमचा हातात धरायचा रिमोट. आणि त्या अधिकच्या चिन्हावर कागद काळपट, मऊ आणि किंचित फाटलेला. बोट दाबून दाबून.

ते अधिकचे चिन्ह कुणी काढले तेही मी नुकतेच वाचले होते. गुनपेई योकोई, निन्तेंदोचे इंजिनियर. १९८२ साली हातात मावणाऱ्या छोट्या खेळासाठी त्यांनी ते बटण बसवले, पुढे ते फॅमिकॉमवर आले. मी वर्गात नेहमी सांगत असे, मुलांनो, बखरीवर विश्वास ठेवू नका, अस्सल कागद शोधा. अस्सल कागद तीस वर्षे माझ्याच कपाटात होता.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला नव्याने लागलो. आता घराणे नुसते पाहायचे नव्हते, त्याला प्रश्न विचारायचा होता, आणि प्रश्न एकच. मुलाला यातले काय पुरते?

सगळ्यात बलवान डबा पुरतो का? तसे दिसत नाही. १९८९ साली योकोईंच्याच चमूने 'गेम बॉय' काढला तेव्हा त्याचा पडदा हिरवट आणि बिनरंगी होता. प्रतिस्पर्ध्यांकडे रंगीत पडदे होते. पण ते डबे बॅटऱ्या अशा खात की खेळ संपण्याआधी वीज संपे. गेम बॉयच्या चार बॅटऱ्या कितीतरी तास पुरत. योकोईंचे सूत्र असे की शिळे झालेले, स्वस्त झालेले तंत्र घ्यावे आणि त्यातून नवी गंमत काढावी. फोडणीची पोळी करणाऱ्या कुठल्याही गृहिणीला हे सूत्र समजावून सांगावे लागणार नाही. स्पर्धा गेम बॉयनेच जिंकली.

मग शिकवणारा डबा? सूनबाईंच्या पक्षाचेही मी मनापासून पाहिले. १९९३ साली सेगा कंपनीने जपानात खास लहान मुलांसाठी 'पिको' काढला होता. पुस्तकासारखी पाने उलटायची आणि पेनने चित्राला टोचायचे. २००४ साली व्हीटेक कंपनीचा 'व्ही-स्माइल' आला, त्यात खेळता खेळता अक्षरे नि आकडे. चांगले होते दोन्ही. पण असे डबे मूल दोन-तीन वर्षांत ओलांडते. सात वर्षांच्या सोन्याला ते दिले असते तर त्याने ते लगेच ओळखले असते. खेळण्याच्या वेषातली शाळा मुलांना लांबून दिसते. आमच्याकडे एकाने ती रियासतीच्या वेषातही ओळखली होती.

हात मावतील असा हवा, हेही लक्षात घेतले. मायक्रोसॉफ्टने २००१ साली 'एक्सबॉक्स' आणला, त्याचा रिमोट इतका भला मोठा होता की लोकांनी त्याचे नाव 'ड्यूक' ठेवले. जपानसाठी वेगळा लहान रिमोट काढावा लागला, तोच पुढे सगळीकडे दिला. मनगटाला पट्टा हवा, हेही टिपून ठेवले. २००६ साली निन्तेंदोचा 'वी' आला, त्यात रिमोट हवेत फिरवून टेनिस खेळायचे. उत्साही मंडळींच्या हातून तो सुटून टीव्हीवर आदळू लागला, तेव्हा त्याच डिसेंबरात कंपनीला लाखो पट्टे बदलून द्यावे लागले. आणि खोक्यावरचा वयाचा शिक्का बघायचा. रक्तबंबाळ खेळांवरून १९९३ साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या आणि १९९४ पासून तिथे प्रत्येक खेळावर वयाची खूण छापू लागले. ती खूण वाचायची सक्ती मात्र अजून कुणी आजोबांवर केलेली नाही. ती मी स्वतःवर केली.

पण खरे उत्तर मूळ पुरुषानेच देऊन ठेवले होते. तीन आठवडे ते माझ्या टिपणवहीत पडून होते आणि मला दिसले नव्हते. बेअर यांचा तो पहिला डबा, आवाज नसलेला, गुण मोजता न येणारा. त्याला आणखी एक गोष्ट येत नव्हती. त्याला एकट्याने खेळता येत नव्हते. टेनिस खेळायचे तर समोर दुसरे माणूस लागे. खोक्यात रिमोट दोन होते, कारण एकाने भागणारच नव्हते. पाँगचेही तेच, दोन मुठी, दोन माणसे. अटारीच्या खोक्यात दांडके दोन. फॅमिकॉमला तर दोन्ही रिमोट वायरीने कायमचे जोडलेलेच, काढू म्हटले तरी निघत नसत. पुढे यंत्रे हुशार झाली, माणसाशी एकटी खेळू लागली, आणि खोक्यातला दुसरा रिमोट नाहीसा झाला. सोनीने १९९४ साली प्लेस्टेशन काढला तेव्हापासून बहुतेक मोठ्या डब्यांत एकच येतो. दुसरा हवा तर वेगळे पैसे.

म्हणजे या घराण्याचा कुळाचार मुळात दोघांनी खेळायचा होता. दाराशी बसून तिसऱ्याने बघायचा नव्हता.

निकाल मी पुढच्या रविवारी, पोहे गार होण्यापूर्वी दिला. सगळ्यात नवा डबा नको. २०१७ साली निघालेला 'स्विच' घ्यायचा. त्याची पुढची पिढी २०२५ च्या जूनमध्ये आली, म्हणजे जुना आता योकोईंच्या सूत्रात नेमका बसतो. त्याच्या रिमोटचे दोन भाग होतात, एकेक लहान मुलाच्या मुठीत मावतो, आणि दुसऱ्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. डबा हॉलमधल्या टीव्हीलाच राहील, खोलीत जाणार नाही. रोज पाऊण तास. आणि एकट्याने नाही. जो कोणी घरात मोकळा असेल तो दुसऱ्या रिमोटवर.

"गणित?" सूनबाईंनी विचारले.

"गुण कागदावर लिहायचे," मी म्हटले, "मूळ पुरुषांच्या पद्धतीने. बेरीज सोन्याने करायची." सूनबाईंनी तह मान्य केला.

चिरंजीव काही बोलले नाहीत. मी उठलो, कपाटातून रियासतीचा तो खंड आणला आणि शेवटचे पान उघडून त्यांच्यापुढे ठेवले. "हे राहिलं होतं," म्हटले. आणखीही काही म्हणायचे होते. रात्री ते चांगले जुळवून ठेवले होते, पण ऐन वेळी घशात अडकले. चिरंजीवांनी पान पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "बाबा, 'बी' चुकलाय इथे. 'बी' डावीकडे असतो."

"दुरुस्त करून ठेव," मी म्हटले. "साधन अस्सल आहे."

वाढदिवसाला डबा आला. स्विचची कॅसेट अगदी नखाएवढी असते. पोरांनी गिळू नये म्हणून तिला मुद्दाम कडू लेप दिलेला असतो, हे मी वाचले होते आणि वाचलेल्याची खातरजमा करावी म्हणून जिभेला लावूनही पाहिले. ते खरे आहे. संध्याकाळी सगळे निघून गेल्यावर मी टीव्हीसमोर बसलो. एक रिमोट सोन्याच्या हातात होता. दुसरा त्याने मला देऊ केला, तो मी घेतला आणि मागे उभ्या असलेल्या चिरंजीवांच्या हातात दिला.

"आजोबा, तुम्ही?"

"मी गुण लिहितो," मी म्हटले.

चिरंजीव मांडी घालून खाली बसले. एकेचाळीस वर्षांचा माणूस, कपाळ मोठे होत चाललेले. त्यांनी ती नखाएवढी कॅसेट उचलली, तोंडाजवळ नेली आणि जोरात फुंकर मारली.

"बाबा!" सोन्या ओरडला, "याला फुंकावं लागत नाही!"

"राहू दे रे," मी वहीवर रेघा मारत म्हटले. "त्याची फुंकर चांगली लागते."